आबांचा तक्ता

निरवांगीच्या आप्पासाहेबांची गाय तिसऱ्या दिवशीही रवंथ करेना, तेव्हा दीपकनं सरळ सांगून टाकलं की आता औषधं पुरे झाली, एक धडधाकट गाय दाखवा. आप्पासाहेबांच्या थोरल्या लेकीचा साखरपुडा झाला होता. त्यातला टोपभर भात आणि पोळ्यांची चळत उरली, आणि अन्न वाया जाऊ नये म्हणून या भल्या माणसानं ते सगळं गव्हाणीत ओतलं. गाईनंही आवडीनं चापलं. दुसऱ्या दिवशी पोट गच्च, शेण पातळ आणि आंबट वासाचं, डोळे खोल गेलेले. सोडा पाजून, सलाईन लावून दीपकनं तिला वाचवलं होतं, पण ती वैरणीला तोंड लावत नव्हती.

पलीकडच्या दावणीला दुसरी गाय निवांत रवंथ करत बसली होती. दीपक तिच्याजवळ उकिडवा बसला. घास गळ्यातून वर सरकताना दिसला, तसा त्यानं जबड्याच्या कडेनं, जिथं दात नसतात तिथून हात घातला, जीभ धरली आणि तोंडातला हिरवा ओला गोळा काढून घेतला. गाय बिचारी नुसती बघत राहिली. असे चार-पाच गोळे त्यानं कोमट पाण्यात कालवले आणि आजारी गाईला पाजले.

"जगंल का वो डॉक्टर?" आप्पासाहेबांनी विचारलं.

दीपक काही पदवीचा डॉक्टर नव्हता. पशुधनाची पदविका घेऊन गेली वीस वर्षं तो मोटरसायकलवरून या भागातले गोठे सांभाळत होता, आणि लोक त्याला डॉक्टर म्हणत.

"जगंल. पर एक ध्यानात घ्या आप्पासाहेब. तुमी गाईला खायला घालत न्हाय, तिच्या पोटातल्या जंतूंना घालता. ते कडबा खात्यात, आन मग ते गाईला पोसत्यात. भातानं त्यांची वाट लावली. आता हिच्या पोटातलं काढून तिच्या पोटात पेरलंय. पर नुसतं पेरून काय व्हतंय? त्यास्नी खायला नको? आजपासनं वाळला कडबा. मूठभर का हुईना, पर कडबा."

गोठ्याच्या खांबाला त्यानंच करून दिलेला तक्ता खिळ्याला लटकत होता. असा तक्ता त्या भागातल्या निम्म्या गोठ्यांत होता. दोन रकाने, एकात काय घालायचं, दुसऱ्यात काय नाही. दीपकच्या वळणदार अक्षरात लिहिलेला आणि बारामतीहून लॅमिनेशन करून आणलेला. त्या तक्त्यांचा त्याला मोठा अभिमान होता, आणि ते कुणी पाळत नाही याचा तेवढाच संताप.

"हितं लिहिलंय का भात?" त्यानं तक्त्यावर बोट आपटलं. "न्हाय ना? मग मनानं कशाला घालायचा? आमी लिहून द्यायचं आन तुमी त्याच्यावर धूळ बसवायची, दुसरं काय."

आप्पासाहेब ओशाळले. दीपकनं हात धुतले, चहा घेतला आणि तो वरकुट्याला घराकडं निघाला.

घरीही एक तक्ता होता, फ्रिजच्या दारावर. त्याच्यावर मात्र धूळ बसली नव्हती.

पौषात आबांच्या पायात खुरपं घुसलं होतं. आबा म्हणजे दीपकचे वडील, गेणबा. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. हळद दाबून चार दिवस तसाच उसाला पाणी देत हिंडला, आणि पाय मांडीपर्यंत लाल झाला तेव्हा कुठं तोंडातून शब्द काढला. बारामतीच्या दवाखान्यात तीन आठवडे गेले. एकापाठोपाठ एक भारी अँटिबायोटिक दिली. पाय वाचला. पण घरी आले आणि जुलाब सुरू झाले. दिवसातून आठ-आठ, दहा-दहा वेळा; थांबायचं नाव नाही. दोन महिने गावातल्या गोळ्यांत गेले. मग पोटाच्या डॉक्टर आसावरी यांच्याकडं नेलं. त्या म्हणाल्या, आतडं दुर्बिणीतून बघू. तपासणीची तारीख घेताना खिडकीवरच्या मुलीनं एक इंग्रजी कागद हातात ठेवला. वर एक ओळ, खाली दोन याद्या.

दीपकनं घरी येऊन त्या दोन याद्या मराठीत उतरवल्या. त्याला सवयच होती. वर ठळक अक्षरांत 'आबांचा आहार' लिहिलं. बंद: ज्वारी-बाजरीची भाकरी, पोळी, डाळी, उसळी, पालेभाज्या, सालीची फळं, शेंगदाणे. चालू: पांढरा भात, मैद्याचा पाव, बिस्किटं, साबुदाण्याची पेज, गाळलेलं वरणाचं पाणी, अंडं. लॅमिनेशन केलं, फ्रिजवर चिकटवलं आणि बायकोला, रेश्माला, आणि आईला समोर उभं करून वाचून दाखवलं. आईला, लीलाबाईला, वाचता येत नव्हतं. तिनं दोनदा ऐकून सगळं पाठ करून टाकलं.

तपासणीत गाठ वगैरे काही निघालं नाही. देवाला नारळ फोडला. आतड्यात जंतुसंसर्ग आहे, अँटिबायोटिकनंतर होतो कधी कधी, असं डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी गोळ्या दिल्या. गोळ्या चालू असल्या की जुलाब थांबत. गोळ्या संपल्या की पंधरा दिवसांत पुन्हा सुरू. असं तीनदा झालं. दर खेपेला डॉक्टर विचारायच्या, "खाण्याचं कसं आहे?" आणि दीपक छाती काढून सांगायचा, "सगळं तुमच्या कागदाप्रमाणं मॅडम. एक घास इकडचा तिकडं नाही." बाहेर पन्नास माणसं खोळंबलेली असायची. "छान," असं म्हणून त्या पुढच्याला आत बोलवायच्या.

चैत्रात लागलेला तक्ता श्रावण आला तरी फ्रिजवर होता.

आबांनी पहिला महिना थट्टेत काढला. "लेका, ही बिस्किटं खाऊन मी पुन्यांदा बालवाडीत जायचो," म्हणायचे. एकदा म्हणाले, "त्यापरीस मला बी कुणाचातरी रवंथ पाज की. बैलाला पाजायचं मीच शिकवलं तुला." ते खरंच होतं. दीपक आठ वर्षांचा असताना आबांनी खिलार बैलाच्या तोंडातून गोळा काढून दुसऱ्या बैलाला दिला होता, आणि ते बघूनच त्यानं गुराढोरांचा डॉक्टर व्हायचं ठरवलं होतं. तेव्हा सगळेच हसले. पुढं आबांची थट्टा आटली. मग ते मागायला लागले. ज्वारीची भाकरी मागायचे, हुलग्याचं माडगं मागायचे, पातीचा कांदा मागायचे. दीपकनं पहिल्यांदा समजावलं, नंतर खेकसायला सुरुवात केली. साठ किलोचा माणूस वाळत चालला होता, आणि दीपकला वाटायचं की आपल्या पाठीमागं नक्की कुणीतरी यांना काहीतरी चारतंय. पाळणारी माणसं त्यानं आयुष्यात फारशी पाहिलीच नव्हती.

निरवांगीहून तो परतला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. आबा खाटेवर नव्हते. संडासात नव्हते. दीपक मागं गोठ्यात गेला.

आबा गव्हाणीपाशी भुईवर बसले होते. गाईच्या आंबोणासाठी घमेल्यात शिळ्या भाकरीचे तुकडे भिजत घातलेले असायचे. आबांनी त्यातला एक तुकडा उचलला होता, आणि डोळे मिटून, दात नसलेल्या बाजूनं, हळूहळू चघळत होते. पायजम्याची नाडी दोन वेळा गुंडाळून बांधलेली होती. त्यांच्या चेहऱ्यावर जे सुख होतं ते दीपकनं गेल्या सहा महिन्यांत पाहिलं नव्हतं.

खरं तर तिथंच त्यानं थांबायला हवं होतं. पण त्याच्या डोळ्यांसमोर आप्पासाहेबांची गव्हाण होती, तो भात होता, सकाळपासूनचा राग होता. आणि भीती होती. उद्या पुन्हा जुलाब, पुन्हा बारामती, पुन्हा ते अंथरूण धुणं. त्याचं डोकं फिरलं.

"आबा! थुका ते. थुका म्हणतो ना."

आबांनी डोळे उघडले आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. लहान मुलासारखी मान फिरवली.

दीपक खाली बसला. डाव्या हातानं त्यानं आबांचा जबडा धरला. उजव्या हाताचं बोट गालाच्या कडेनं आत घातलं, जिथं दात नव्हते तिथून. रोजचाच हात होता, त्याला विचार करावा लागला नाही. जिभेवरचा भिजलेला घास त्यानं बोटानं ओढून काढला आणि शेणावर टाकला. गाईनं मान वळवून पाहिलं.

आबांच्या हनुवटीवरून लाळ ओघळत होती, ती त्यांनी खांद्यावरच्या फडक्यानं पुसली. दारात लीलाबाई उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला होता.

"तुझं ध्यान कुठं असतं आई?" दीपक तिच्यावर ओरडला. "तक्ता कशाला लावलाय तिथं? शोभंला?"

ती आबांना उठवायला पुढं झाली. हात धरून तिनं त्यांना खाटेवर नेलं. त्या दिवसापासून आबांनी काही मागितलं नाही, आणि दीपकनं त्याचा अर्थ असा घेतला की एकदाचं त्यांना पटलं.

दहा दिवसांनी बारामतीला फेरी झाली. त्या दिवशी पाऊस होता, दवाखान्यात गर्दी नव्हती. डॉक्टर आसावरींनी आबांना वजनकाट्यावर उभं केलं. काटा त्रेचाळीसवर थांबला. त्यांनी जुना कागद काढून पाहिला आणि आबांना नर्सबरोबर बाहेर बसायला पाठवलं.

"हे नक्की काय खातात? सकाळपासून सांगा मला."

दीपकनं सांगितलं. बिस्किटं, पेज, भात, गाळलेलं पाणी, पाव. सांगताना त्याला नेहमीसारखा अभिमान वाटत होता.

"भाकरी?"

"नाही."

"भाजी? डाळ? फळ?"

"एक कणसुद्धा नाही मॅडम. तुमच्या कागदाप्रमाणं."

"कोणत्या कागदाप्रमाणे?"

दीपकनं मोबाईलमधला मूळ कागदाचा फोटो काढून दाखवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला. मग फोन त्याच्याकडं वळवून वरच्या ओळीवर बोट ठेवलं. 'तपासणीच्या आधीचे तीन दिवस,' असं तिथं इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं.

"आतडं रिकामं असलं की दुर्बिणीतून नीट दिसतं. त्यासाठी असतो हा. तीन दिवसांसाठी. तपासणी झाल्यावर संध्याकाळपासून हळूहळू नेहमीचं जेवण सुरू करायचं."

दीपकनं ती ओळ वाचली होती. तीन दिवस आधी सुरू करायचं, एवढं त्याच्या डोक्यात बसलं होतं. कधी थांबायचं हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता, कारण जुलाब थांबलेच नव्हते. तक्ता लिहिताना त्याला ती ओळ कामाची वाटली नव्हती.

डॉक्टर बोलत होत्या. मोठ्या आतड्यात राहणारे जंतू, आपण खाल्लेल्यातलं जे पचत नाही त्यावर जगतात; भाकरीतला कोंडा, डाळींची सालं, भाजीतला चोथा, थोडं न पचलेलं पीठ. मऊ भात, बिस्किटं वरच्या आतड्यातच विरघळतात, खाली पोचत नाहीत. आधी औषधांनी ते जंतू मारले. उरलेसुरले पुन्हा वाढले असते, पण त्यांना खायला...

"नुसतं पेरून काय होतंय," दीपक म्हणाला.

"काय?"

"काही नाही मॅडम." त्याच्या कानात त्याचाच आवाज घुमत होता. मूठभर का हुईना, पर कडबा. "माझ्यामुळं झालं का हे? खरं सांगा."

डॉक्टर आसावरी बाई प्रामाणिक होत्या. "तसं मी म्हणू शकत नाही. हा आजार चांगलं खाणाऱ्यांनाही उलटतो. यांचं वय आहे. भाकरीनं बरे झाले असते, असंही कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण शरीराला उभं राहायला काहीतरी लागतं, आणि ते आपण दिलं नाही. मीही नीट विचारलं नाही." मग त्यांनी पुण्याच्या एका डॉक्टरांचं नाव लिहून दिलं. निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू काढून अशा रोग्याच्या आतड्यात सोडतात, तिथं तो उपचार होतो, म्हणाल्या. पण त्याआधी अंगात थोडी ताकद यायला हवी.

म्हणजे आबा थट्टेत म्हणाले होते तेच. दीपकला हसू आलं नाही.

वाटेत त्यानं ठरवलं होतं की भाड्याच्या मोटारीतच आबांना सांगून टाकायचं. भिगवण चौकात ठरवलं, मग एमआयडीसी गेली, मग कालवा गेला. आबा मागच्या सीटवर घोंगडीत गुरफटून डुलक्या घेत होते. घर आलं, आणि त्यानं आबांना हात देऊन खाली उतरवलं.

घरी त्यानं रेश्माला एवढंच सांगितलं की डॉक्टरांनी आहार बदललाय. लीलाबाईनं लगेच चूल पेटवली. गॅसवर भाकरी आबांना आवडत नसे. पातळ पापुद्र्याची ज्वारीची भाकरी तिनं दुधात कुस्करली, अगदी लापशीसारखी केली, आणि दीपक ती वाटी घेऊन खाटेशी बसला.

"आबा, भाकरी हाय."

आबांनी वाटीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "नगं लेका. परत तरास व्हईल तुमास्नी."

"डॉक्टरनी सांगितलंय. खावा."

पहिला चमचा त्यांनी घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला मान हलवली. "चव न्हाय कळत," म्हणाले. संध्याकाळी पोट फुगलं, कळा आल्या. उपाशी पोटाला एकदम झेपत नाही हे गाईच्या बाबतीत दीपकला तोंडपाठ होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं अर्धाच चमचा दिला. चौथ्या दिवशी आबांनी तोंडच उघडलं नाही. गोठ्यात जसं मिटून घेतलं होतं तसं. आणि आता ते उघडवायचा धीर दीपकमध्ये नव्हता.

आजारी माणसाला बघायला गावातली माणसं येत. आबांना बोलायला दम लागे, पण एक गोष्ट ते प्रत्येकाला सांगत. शेजारचे मोहनराव आले तेव्हा दीपक तिथंच औषधाच्या बाटल्या लावत होता.

"आमचा दीपक म्हंजे लई करडा," आबा म्हणाले. "म्या चोरून भाकरी खात व्हतो. तर ह्यानं तोंडात बोट घालून घास भाईर काढला. तवा लई राग आला मला. वाटलं, मुस्काडात द्यावी. पर इचार केला, दुसऱ्या कुणाच्या पोरानं यवढं ध्यान दिलं असतं? त्यानं काढला म्हणून म्या यवढं दिस काढलं."

"नशीब लागतंय आबा, असा पोरगा मिळायला," मोहनराव म्हणाले.

दीपकनं बाटली खाली ठेवली. आता सांगायचं, असं त्याच्या मनात आलं. आबांचा चेहरा समाधानी होता. त्या अपमानाचा एवढा चांगला अर्थ त्यांनी स्वतःशी लावून घेतला होता, आणि मरायला टेकलेल्या माणसाकडून तो काढून घ्यायचा? हेही एक निमित्तच होतं, त्याला कळत होतं. खरं कारण एवढंच की तो घाबरला होता. तो गोठ्यात गेला आणि तिथं त्या घमेल्यापाशी बराच वेळ उभा राहिला.

सगळ्या आठवड्यात एक चांगली बातमी आली, तीही फोनवर. निरवांगीची गाय आता पोटभर वैरण खात होती.

आबा भाद्रपदाच्या सुरुवातीला, सकाळी नऊच्या सुमाराला गेले. पुण्याला न्यायचं राहूनच गेलं. शेवटच्या दिवशी त्यांनी दीपकचा हात हातात धरून ठेवला होता, तोच उजवा हात. दीपकनं दोनदा "आबा" म्हटलं. आबांनी दोनदा डोळे उघडले. दोन्ही वेळा दीपकनं नुसतं पांघरूण सारखं केलं, आणि तिसऱ्यांदा आबांनी डोळे उघडले नाहीत.

तेराव्याला दारात मांडव घातला होता. पहिली पंगत उठली होती, दुसरी बसत होती. आप्पासाहेब निरवांगीहून आले होते. त्यांनी चार माणसांत सांगितलं की मेलेली गाय या माणसानं उठवली, आता दोन वेळा दूध देते, आणि तक्ता आपण आता सोडत नाही. मग मोहनराव उभे राहिले. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं ते भाकरीचं सांगितलं. आबांच्या तोंडून ऐकलं तसंच सांगितलं, जरा मीठमसाला लावून. बायकांत कुणीतरी हुंदका दिला.

दीपक मान खाली घालून बसला होता. मोहनराव त्याच्याजवळ आले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दीपकराव, एक काम व्हतं. तो फ्रिजवरचा तक्ता आता तुमास्नी लागायचा न्हाय. त्यो मला द्या."

"कशाला?"

"आमच्या आईला न्हाय का, दोन महिन्यांमागं पोटाचा तरास झाल्ता. मी मोबाईलवर फोटू काढून न्हेला व्हता तुमच्या तक्त्याचा. तवापास्नं आई त्याच्यावरच हाय. भाकरी बंद, डाळ बंद, समदं बंद. लई रडती, पर म्या आयकत न्हाय. तुमचंच उदाहरण सांगतो तिला. फोटूत अक्षर बारीक दिसतंय, म्हणून म्हटलं..."

साखरबाई, मोहनरावांची आई, ऐंशीच्या घरातली. गेल्या आठवड्यात ती भिंतीला धरून चालताना दीपकला दिसली होती. वय झालं, असं तेव्हा त्याला वाटलं होतं.

तो उठला. घरात गेला, फ्रिजच्या दारावरून तक्ता ओढून काढला आणि बाहेर आला.

"मोहनराव, आईला आत्ता जाऊन डाळभात घाला. वरणात भाजी घाला. उद्यापासनं भाकरी, थोडी थोडी. आन बारामतीला दाखवून आणा."

"आन तक्ता?"

"तक्ता चुकीचा हाय." त्याचा आवाज चढला, मांडवातली कुजबुज थांबली. "तीन दिवसांचा व्हता. तपासणीपुरता. वर लिहिलं व्हतं तसं, मी ते उतरवलं न्हाय. मी पाच महिने चालवला. आबांना पाच महिने मी... आन ते शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत राहिलं, पोरानं वाचवलं म्हणून. मी ऐकून घेतलं. मी त्यास्नी सांगितलं न्हाय."

वाढपी पळी हातात धरून तसाच उभा राहिला. मोहनरावांनी एकदा दीपककडं पाहिलं, पायताण शोधलं आणि ते घराच्या दिशेनं जवळजवळ पळत सुटले.

बायकांच्या घोळक्यातून लीलाबाई उठली. कपाळ मोकळं झालेली ती बारकी बाई सावकाश चालत मांडवाच्या मध्यावर आली आणि तिनं दीपकच्या हातातला तक्ता घेतला. उलटसुलट करून पाहिला. तिला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, आणि त्यातलं एक अक्षर तिनं मोडलं नव्हतं.

"हात जोडायचे मला," ती म्हणाली. "रोज. चतकोर दे, कुणाला सांगायचो न्हाय, म्हणायचे. चाळीस वर्सं ज्याला खाऊ घातलं त्याला म्या म्हणायची, पोरानं लिवलंय. पोरगं शिकल्यालं हाय."

"आई..."

"वाच. काय काय लिवलंय त्यात, वाच समदं."

दीपकनं वाचलं. भाकरी, पोळी, डाळी, उसळी, पालेभाज्या. सगळ्या मांडवासमोर, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. लीलाबाई मान हलवत होती, तिला ते पाठच होतं.

"आन म्हाताऱ्याच्या तोंडात बोटं घालायची," ती म्हणाली, "हे कुठं लिवलंय रं?"

उत्तराची वाट न बघता ती वळली आणि वाढप्याला म्हणाली, पंगत थांबवू नका, माणसं उपाशी हायती.